दगडाची आठवण किती नॅनोमीटरची?

ते रापातून पश्चिमेला गाडी काढलीत की पाऊण-एक तासात रॅग्लनचा किनारा लागतो. तिथली वाळू काळी आहे हे तुम्हाला सांगायला नको, उन्हाळ्यात पायाला चटके बसले असतीलच. पण फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट तिथे कधी नेलंय का? नसेल तर पुढच्या वेळी न्या, आणि आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कारण वाळूत बुडवून वर काढलं की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते आणि ती उघड्या मॅग्नेटवरून काढता काढता रविवार संपतो.

हे कण टायटॅनोमॅग्नेटाइटचे. लोह, ऑक्सिजन आणि थोडं टायटॅनियम. तारानाकीसारख्या ज्वालामुखींच्या खडकातून ते सुटे झाले आणि समुद्राने ते किनाऱ्यावर वर-खाली पसरले. उत्तर बेटाच्या या पश्चिम किनाऱ्यावर अशी वाळू इतकी आहे की देशाचं पोलाद तिच्यातून निघतं. वायकाटो नदीच्या मुखाजवळ वाळू उपसतात, चुंबकाने लोहाचे कण वेगळे करतात, आणि पाण्यात कालवून १८ किलोमीटरच्या पाइपातून ग्लेनब्रुकच्या कारखान्याकडे ढकलतात. एकोणिसाव्या शतकात लोकांनी हीच वाळू नेहमीच्या भट्टीत वितळवायचा प्रयत्न केला होता, पण टायटॅनियमने दाद दिली नाही.

आता घरात बघा. आजीने भारतातून येताना सामानात कोंबलेला काळा दगडी खलबत्ता आहे का? तो बेसॉल्टचा, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा असेल, तर त्याच्यातही हेच खनिज आहे. पाटा-वरवंटा, जातं, रायगडाच्या पायऱ्या, पुण्या-मुंबईच्या रस्त्यांची खडी, सगळ्यात. चांगलं जोरदार मॅग्नेट दोऱ्याला टांगून दगडाजवळ नेलं तर ते हळूच दगडाकडे झुकतं. रॅग्लनच्या वाळूसारखं झेपावत नाही, कारण दगडात हे खनिज थोडंसंच असतं आणि बरेचसे कण इतके बारीक असतात की साध्या भिंगातून दिसणारही नाहीत.

पण एका बाबतीत त्या बारीक कणांनी वाळूवर मात केली आहे. ते आठवण ठेवतात. भारत एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे त्यांनी सांगितलं. आणि ते सांगत होते तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. हा अविश्वास अगदीच मूर्खपणाचा नव्हता, आणि तो कसा फिटला, त्यात मुंबईचा वाटा काय होता, हे एपिसोडमध्ये घाईघाईत उरकलं होतं. ते इथे जरा सावकाश सांगतो.

आधी कण काय आठवतो ते बघू. भारतात घेतलेलं साधं होकायंत्र ते रापात नीट चालत नाही, अडखळतं. सुई उत्तर दाखवते तशीच ती वर-खाली कलतेही. विषुववृत्ताजवळ ती आडवी राहते. उत्तर गोलार्धात तिचं उत्तरेकडचं टोक जमिनीत घुसू बघतं, दक्षिण गोलार्धात तेच टोक आकाशाकडे उचललं जातं. मुंबईत हा कल बेताचाच, खालच्या दिशेने. ते रापात साठ अंशांहून जास्त, वरच्या दिशेने. म्हणून होकायंत्र बनवणारे ज्या भागात विकायचं त्या भागासाठी सुई तोलून देतात. थोडक्यात, सुईचा कल बघून तुम्ही पृथ्वीवर विषुववृत्तापासून किती लांब आहात ते अंदाजाने सांगता येतं.

लाव्हा थंड होताना त्यातला प्रत्येक चुंबकी कण अशी एक सुई होतो. मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या वर चुंबक राहतच नाही. त्याखाली उतरताना त्या जागी, त्या वेळी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा कण पकडतो. मग तो दगड कुठेही गेला तरी दिशा आतच राहते. निदान राहायला हवी. खरी गोम इथेच आहे.

सह्याद्रीचा दगड चुंबकी आहे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका पारशी शास्त्रज्ञाला फार नीट ठाऊक होतं. नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. १८५९ चं ते प्रचंड सौर वादळ, ज्याने जगभरच्या तारायंत्रांची धांदल उडवली, तेही कुलाब्याच्या नोंदीत सापडतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा मूस यांनी ओळखलं की आता इथल्या सुयांना स्वस्थता मिळणार नाही. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीने मोजमाप चाललं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट सांधता यावी. (क्राइस्टचर्चच्या वेधशाळेलाही विजेच्या ट्राममुळेच गावाबाहेर जावं लागलं. त्या काळात ट्राम ही जगभरच्या चुंबकवाल्यांची डोकेदुखी होती.)

अलिबागची इमारत कशाची बांधायची? आजूबाजूला काळा दगड हवा तेवढा, फुकटात म्हणावा असा. तो वापरायची सोय नव्हती. इमारतीच्या भिंतीच सुयांना ओढायला लागल्या तर मोजायचं काय? म्हणून गुजरातेतून पोरबंदरचा पिवळसर, चुंबकी नसलेला दगड आणला. ज्या गुणाला मूस यांनी वेधशाळेच्या दाराबाहेर ठेवलं, त्याच गुणाला पन्नास वर्षांनी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नेलं.

ती गोष्ट इंग्लंडात सुरू होते, आणि सुरू होते ती फसलेल्या प्रयोगाने. पॅट्रिक ब्लॅकेट यांना वाटत होतं की कुठलीही फिरणारी जड वस्तू आपोआप थोडीशी चुंबक होते, आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्यातूनच येतं. हे तपासायला त्यांनी अतिशय संवेदनशील मॅग्नेटोमीटर बांधला आणि त्यासाठी १५.२ किलो शुद्ध सोन्याचं दंडगोल उसनं घेतलं. उत्तर आलं 'नाही'. ब्लॅकेट यांनी १९५२ मध्ये ते 'नाही' सरळ छापून टाकलं. सोनं परत गेलं. पण इतकं हलकं चुंबकत्व मोजणारं यंत्र हाताशी आलं होतं, मग त्यांनी त्याच्यात दगड ठेवायला सुरुवात केली.

त्याच सुमारास केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्व्हिंग नावाचा विद्यार्थी याच वाटेवर होता. खंडं सरकतात असं आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलं होतं, आणि त्यांच्या नकाशावर सगळ्यात लांबचा प्रवास भारताचा होता. मग तपासायचं तर भारतावरच तपासू, असा साधा हिशेब. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्याला उत्तेजन दिलं आणि विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी काढायची याचं गणितही १९५३ मध्ये रचून दिलं. जगभरचे पुराचुंबकवाले अजून तेच वापरतात. भारतातून दख्खनचे थोडे दगड मागवले गेले. त्यांच्यातल्या सुया सांगत होत्या की हा दगड थिजला तेव्हा दक्षिण गोलार्धात होता. अर्व्हिंगचा प्रबंध १९५४ मध्ये परीक्षकांनी नाकारला. तो कॅनबेराला निघून गेला, काम चालू ठेवलं, आणि १९६५ मध्ये त्याच केंब्रिजने त्याला त्याहून वरची पदवी दिली.

ब्लॅकेट आता लंडनच्या इंपीरियल कॉलेजात होते. त्यांच्या गटातले क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतातल्या दगडांच्या चुंबकत्वावर सविस्तर निबंध छापला. पुढे १९५८ मध्ये दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर आणखी एक निबंध आला, त्यावर तीन नावं आहेत: डॉइच, राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे. शेवटचे दोघे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले. त्याच वर्षी क्लेग यांच्याबरोबर याच दोघांचा राजमहालच्या लाव्हावरचा निबंधही आला. म्हणजे दगड इकडचा आणि मोजणारे तिकडचे, हा जुना वसाहती प्रकार इथे फार काळ टिकला नाही.

आकडे आजच्या भाषेत सांगतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आज साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलेला. त्यातल्या सुयांचा कल पन्नास अंशांच्या आसपास. यावरून अक्षांश निघतो सुमारे ३० अंश दक्षिण. मुंबई आज १९ अंश उत्तरेला आहे. फरक ४९ अंशांचा, म्हणजे अंदाजे ५,४०० किलोमीटर. वर्षाला सरासरी ८ सेंटिमीटर. ३० अंश दक्षिण म्हणजे कुठे? तुमच्या उत्तरेला न्यूझीलंडच्याच ताब्यातली कर्माडेक बेटं आहेत, साधारण त्या ओळीत, पण पश्चिमेकडे हिंदी महासागरात. दख्खनच्या वरच्या थरांत सुईचं उत्तरेकडचं टोक आकाशाकडे उचललेलं सापडतं, ते रापातल्या सुईसारखं. आजच्या महाबळेश्वरातली सुई खाली बघते आणि तिच्या पायाखालचा दगड वर.

खालच्या थरांत आणखी एक गंमत आहे. तिथे सुया बरोबर उलट्या आहेत. कारण तो लाव्हा वाहिला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. खाली उलटे, वर सुलटे, आणि सगळा डोंगर मिळून बदल एखाददोन वेळाच. त्यावरून पुढे लक्षात आलं की एवढा प्रचंड लाव्हा भूशास्त्राच्या मानाने फार थोड्या काळात ओतला गेला असणार. डायनोसॉरच्या शेवटाशी दख्खनचं नाव जोडलं जातं त्यामागे हा पुरावाही आहे. पण तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा एपिसोड लागेल.

आता अविश्वासाकडे येऊ. हॅरल्ड जेफ्रीज हे त्या काळचे भूभौतिकीतले फार मोठे नाव, आणि खंडं सरकतात हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. त्यांची शंका साधी होती. शाळेत चुंबक हाताळताना सांगतात की आपटू नका, चुंबकत्व जाईल. तुम्ही तर दगड हातोड्याने फोडता, गाडीत, बोटीत घालून नेता, आणि मग म्हणता यात कोट्यवधी वर्षांपूर्वीची दिशा जशीच्या तशी आहे! मला ही शंका आवडते. तिच्यात तुच्छता असेल, पण प्रश्न बरोबर जागी लागलाय. लोखंडाची खिळेपट्टी महिन्याभरात चुंबकत्व विसरते, मग दगडाने ६ कोटी वर्षं का लक्षात ठेवावं?

उत्तर आलं मातीच्या भांड्यांमधून. पॅरिसमध्ये एमिल आणि ओडेट तेलिए हे जोडपं जुन्या विटा आणि भाजलेली मडकी यांचं चुंबकत्व मोजत होतं. भट्टीत लाल झालेली माती थंड होताना आपल्या काळाची दिशा पकडते आणि घट्ट धरून ठेवते, हे त्यांना प्रयोगात दिसत होतं. पण का, ते कळत नव्हतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ मध्ये त्याचा सिद्धांत मांडला, आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच भाजलेल्या मातीचा उल्लेख आहे. आज रुग्णालयांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांबद्दल जे काही बोललं जातं, त्याचं मूळ मडक्यात आहे.

नेएल यांनी विचारलं: कण अगदी बारीक केला तर? मोठ्या कणाच्या आत चुंबकत्वाचे अनेक कप्पे असतात, एक इकडे तोंड करून, दुसरा तिकडे. बाहेरून हलकासा धक्का किंवा क्षेत्र मिळालं की कप्प्यांच्या भिंती सरकतात. अशा कणाची आठवण कच्ची. रॅग्लनच्या वाळूचे कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे फारच मोठे. मॅग्नेटला झटकन चिकटतात, पण फार काही लक्षात ठेवत नाहीत. कण लहान करत गेलात की एका टप्प्यावर आत भिंतीला जागाच उरत नाही, अख्खा कण एकच कप्पा होतो. मॅग्नेटाइटमध्ये हे साधारण ८० नॅनोमीटरच्या खाली घडतं. (केसाची जाडी ७०-८० हजार नॅनोमीटर असते.) आता दिशा बदलायची तर अख्ख्या कणाचं चुंबकत्व एकदम उलटवावं लागतं. ते कठीण. ही पक्की आठवण.

मग आणखी लहान केला तर आणखी पक्की? नाही, उलट. कुठल्याही वस्तूतले अणू उष्णतेने थरथरत असतात. कण फारच लहान झाला की ही थरथरच त्याची दिशा उलटवायला पुरते. दिशा सतत उलटसुलट होत राहते आणि कण काहीच धरून ठेवत नाही. जवळ चुंबक आणलंत तर असे सगळे कण एकदम रांगेत येतात, चांगली जोरदार साथ देतात. चुंबक काढलंत की क्षणात पांगतात. याला पुढे, १९५९ मध्ये, सुपरपॅरामॅग्नेटिझम असं जडजंबाल नाव मिळालं. मॅग्नेटाइटची ही वेस नेहमीच्या तापमानाला २५-३० नॅनोमीटरच्या आसपास आहे.

आणि ही वेस किती तीक्ष्ण आहे ते बघाच. नेएल यांच्या सूत्रात आठवण टिकण्याचा काळ कणाच्या आकारमानाबरोबर नुसता वाढत नाही, घातांकाने वाढतो. समजा एक कण एका सेकंदात विसरतो. त्याचं आकारमान दुप्पट करा, म्हणजे व्यास जेमतेम सव्वापट. आता तो पन्नासएक वर्षं लक्षात ठेवतो. आकारमान तिप्पट करा, व्यास दीडपटही झालेला नाही, तर काळ निघतो सात हजार कोटी वर्षांच्या घरात. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे. हा हिशेब तुम्ही कॅल्क्युलेटरवर स्वतः करू शकता: १ नॅनोसेकंद गुणिले ई-चा २१, ४२ आणि ६३ वा घात. मला तो दर वेळी करून बघावासा वाटतो, कारण विश्वास बसत नाही.

जेफ्रीज यांच्या शंकेला हे खरं उत्तर होतं. हातोड्याच्या ठोक्याने मोठे, कच्चे कण हलतील. त्यांनी हलावं. योग्य मापाचे बारीक कण ढिम्म राहतील. मग प्रयोगशाळेत कच्च्या कणांची आठवण पुसून टाकायची आणि पक्क्यांची तेवढी वाचायची. उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रात ठेवून ते हळूहळू शून्यावर आणतात, किंवा दगड पायरीपायरीने तापवून थंड करतात. याला चुंबकी धुलाई म्हणायला हरकत नाही. कालपरवाचा मळ आधी निघतो, जुना रंग उरतो. वीज पडलेल्या शिखरावरचे दगड मात्र असे माखलेले असतात की धुऊनही नेहमी उपयोग होत नाही.

जाता जाता, ही मडक्यांची युक्ती तुमच्या देशातही वापरली गेली आहे, पण वेगळ्या रीतीने. माओरी परंपरेत मडकी नव्हती, त्यामुळे तिथे त्यांची जुनी मडकी सापडत नाहीत. मात्र हांगी होती आणि आहे: जमिनीतल्या खड्ड्यात तापवलेल्या दगडांवर अन्न शिजवायचं. दगड धगधगीत तापतात, जुनी आठवण पुसली जाते, आणि थंड होताना त्या दिवसाची दिशा पकडतात. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या जिलियन टर्नर यांनी जुन्या हांगींमधले असे दगड मोजून गेल्या काही शतकांत इथलं चुंबकीय क्षेत्र कसं बदललं याचा आलेख जोडायला घेतला. दक्षिण गोलार्धातून अशा नोंदी फार थोड्या आहेत, म्हणून त्यांची किंमत मोठी.

परत मुंबईला. नेएल यांचं उत्तर कागदावर होतं. पण दख्खनच्या प्रत्यक्ष दगडात कुठल्या मापाचे कण आहेत? सगळेच योग्य मापाचे असणार नाहीत, मग कुठल्या दगडावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्यावर नाही? कण मोजायला त्या काळी सूक्ष्मदर्शक पुरेसा नव्हता. २५ नॅनोमीटरचा कण प्रकाशाने दिसतच नाही. टीआयएफआरमधल्या राधाकृष्णमूर्ती, लिखिते आणि सहस्रबुद्धे यांनी आडून मोजायची वाट धरली. १९६५ मध्ये त्यांनी स्वतः बांधलेल्या यंत्राचं वर्णन छापलं: दगडाचा तुकडा उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रात ठेवायचा आणि तो कसा साथ देतो ते पडद्यावर रेघेच्या आकारात बघायचं.

तत्त्व सोपं आहे. कणाला आठवण असेल तर तो क्षेत्राच्या थोडा मागे राहतो, आणि पडद्यावर रेघ उघडून तिचा फासा होतो. आठवण नसेल तर जाताना आणि येताना एकच वाट, फासा उघडतच नाही. आता तोच तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा, उणे १९६ अंशांवर. थरथर मंदावते. जे कण मघाशी सगळं विसरत होते ते आता थिजतात, आणि मिटलेला फासा उघडतो. म्हणजे हे कण विसराळू होते ते लहान असल्यामुळे. ज्या दगडात थंड केल्यावर काहीच वेगळं घडत नाही त्यातले कण दुसऱ्या जातीचे. असं करत करत त्यांनी बेसॉल्टच्या जाती लावल्या: विसराळू बारीक कणांचे, पक्क्या एकाच कप्प्याच्या कणांचे, अनेक कप्प्यांच्या मोठ्या कणांचे, आणि मिसळलेले. मुंबईतल्या स्तंभाकार बेसॉल्टमधल्या कणांवरही या गटाने काम केलं. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर स्तंभाकार दगड कसा दिसतो ते माहीत असेलच. राधाकृष्णमूर्ती यांचं बेसॉल्ट आणि चुंबकत्व यावरचं पुस्तक १९९३ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने काढलं.

हे काम चाललं तेही कुलाब्यातच, जिथून मूस ट्रामला वैतागून बाहेर पडले होते.

खंडं सरकण्याच्या इतिहासाची इंग्रजी पुस्तकं चाळलीत तर ब्लॅकेट, अर्व्हिंग यांच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं मिळतात, आणि टीआयएफआरचा हा गट एखाद्या तळटीपेत. मला त्यात कोणाचा कट दिसत नाही. दिशा मोजली की बातमी होते, 'भारत दक्षिणेला होता!' दिशा विश्वासार्ह का आहे हे तपासणाऱ्याची बातमी होत नाही. पण दुसऱ्या कामावाचून पहिलं उभं राहत नाही, हे जेफ्रीज यांच्यासारख्या संशयी माणसाला सर्वात आधी पटलं असतं.

एक कोडं राहतं. लाव्हाचे जाड थर सावकाश थंड होतात, मग त्यात कण मोठे वाढायला हवेत आणि आठवण कच्ची व्हायला हवी. तरी दख्खनचे कित्येक थर उत्तम आठवण ठेवतात. याचं एक कारण कणाच्या आत आहे. लाव्हा थिजल्यावर, पण अजून चांगला गरम असताना, टायटॅनोमॅग्नेटाइटच्या कणात ऑक्सिजन शिरतो. टायटॅनियम बाजूला होऊन इल्मेनाइट नावाच्या दुसऱ्या खनिजाच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात बसतं, आणि मोठा कण आतल्या आत भिंती घातल्यासारखा लहान लहान तुकड्यांत वाटला जातो. बाहेरून एक वाडा, आत अनेक बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाड आपली दिशा स्वतंत्रपणे धरून बसतं.

आणि जांभा? कोकणातल्या घरांचा तो तांबडा दगड, महाबळेश्वरच्या माथ्यावरही आहे. त्याची रीत वेगळीच. तो तापून थंड झालेला नाही, पावसापाण्याने काळा दगड कुजून तयार झालाय. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे कण शून्यापासून वाढतात. सुरुवातीला ते विसराळू असतात, आणि वाढता वाढता ज्या दिवशी वेस ओलांडतात त्या दिवसाची दिशा पकडतात. त्यामुळे जांभ्याची आठवण खालच्या लाव्हापेक्षा खूप अलीकडची असते. एकाच डोंगरावर दोन वेगवेगळ्या काळांच्या साक्षी, एकावर एक.

पुढच्या सुट्टीत भारतात गेलात आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात, तर गाडी एखाद्या रुंद वळणावर थांबवायला सांगा. रस्त्यासाठी कापलेल्या कातळात लाव्हाचे थर उघडे पडलेत, मधूनमधून तांबड्या मातीचे पट्टे आहेत. वरचा लाव्हा येऊन ती माती भाजून गेलेली असते, त्या मडक्यांसारखीच. नीट बघितलंत तर काळ्या दगडात कुठे कुठे रुपयाच्या नाण्याएवढी गोल भोकं दिसतील, साधारण २५ मिलिमीटर व्यासाची, आत बोटभर गेलेली. ती पुराचुंबकवाल्यांनी ड्रिलने काढलेल्या नमुन्यांची आहेत. खालच्या वळणांवरून निघालेल्या नमुन्यांतल्या सुया उलट्या, अगदी वरच्या टप्प्यातल्या सुलट्या, आणि या सुलट्यांचं टोक वर उचललेलं, तुमच्या ते रापातल्या होकायंत्रासारखं.